भोजराजचे खाते नसलेली बँक

१२ नोव्हेंबर २००६, रविवार. गोरेगाव (जि. गोंदिया).
धान घरात आले. निर्णय पक्का: पळसाच्या पत्रावळींचा कारखाना. मागच्या खोलीत मशीन बसेल. सध्या एकच, पण कारखाना म्हणायला हरकत नाही. नागपूरचा मशीनवाला म्हणतो, ड्राफ्ट फर्मच्या करंट खात्यातूनच पाहिजे. पैसे पोस्टात तयार आहेत. म्हणजे उरली फक्त बँक. आठ दिवसांचे काम. दवनीवाड्याच्या शालीकरामने मुलीच्या लग्नाच्या सगळ्या पत्रावळी माझ्याकडून घ्यायचे कबूल केले आहे. लग्न ६ मे. वेळच वेळ.

१५ नोव्हेंबर.
साडू भोजराज मला त्याच्या बँकेत घेऊन गेला. हा माझी बायको योगेश्वरी हिच्या धाकट्या बहिणीचा, जमुनाचा नवरा. म्हणजे नात्याने माझ्याहून लहान. पाइप आणि मोटारपंप विकतो. त्याला बघून मॅनेजर खुर्चीतून उठला. चहा मागवला. भोजराजला बशीसकट कप. मला बशी नाही, आणि कप अर्धा. वर मॅनेजरने मला विचारले, आपण यांच्या दुकानात असता का?
ही बँक बाद.
नियम ठरवला. ज्या बँकेत भोजराजचे खाते नाही, तीच माझी बँक. चार्जेस, अंतर वगैरे नंतर पाहू.

१६ नोव्हेंबर.
योगेश्वरी म्हणाली, त्या बँकेत काऊन नाही? घराजवळ आहे. मी म्हणालो, सर्व्हिस बरोबर नाही. ती म्हणाली, चाय त पाजला ना तुमाले. मला भोजराजचा हेवा वाटतो असे तिचे मत आहे. मला हेवा वाटत नाही. त्याच्या दुकानात त्या बँकेचे मोठे कॅलेंडर आहे, आणि ते टांगायला त्याने पितळी खिळा ठोकला आहे. हे मला सहज दिसले. कॅलेंडरला पितळी खिळा कशाला लागतो?

४ डिसेंबर, सकाळी ११.
सहकारी बँक. मी केबिनमध्ये पाऊल टाकले आणि मॅनेजर ताडकन उठून उभा राहिला. ऊर भरून आला. त्याने पंखा बंद केला आणि मीटिंगला गेला. तरी उठला हे खरे. त्याची वाट पाहत बाकावर बसलो. समोर ठेवीदारांच्या सत्काराचा फोटो. डावीकडून तिसरा भोजराज, हातात नारळ. मॅनेजर यायच्या आत निघालो.

१ जानेवारी २००७.
संकल्प: (१) या महिन्यात खाते. (२) भोजराजचा विचार दिवसातून एकदाच.

९ जानेवारी. गोंदिया.
सापडली. खाजगी बँक, काचेचे दार, एसी. काउंटरवरची मुलगी मला सर म्हणाली. भोजराजला एसी सोसत नाही असे जमुनाने एकदा सांगितले होते, म्हणजे तो इथे येणे शक्य नाही. फॉर्म गुळगुळीत. फक्त एक रकाना आहे: ओळख देणाऱ्याची सही. तो याच शाखेतला जुना करंट खातेदार पाहिजे. मी तिला म्हणालो, गोरेगावात मला कोण ओळखत नाही? ती म्हणाली, सर, यहाँ कौन पहचानता है?

२६ फेब्रुवारी.
दीड महिना एसटीने गोंदियाला येणे-जाणे. तिथे मला कोणी ओळखत नाही. शालीकराम भेटला. पत्रावळी बनून राहिल्या का म्हणाला. प्रोसेसमध्ये आहे म्हणालो. योगेश्वरी जेवताना म्हणाली, भोजराजभाऊले विचारून पाहा ना. मी ताटावरून उठलो. वांग्याची भाजी होती म्हणून परत बसलो.
आज भोजराजचा विचार सात वेळा. त्यातले तीन योगेश्वरीमुळे, ते धरत नाही.

२० मार्च.
ओळख मिळाली. गोंदियाच्या बाजारातला सायकलवाला छोटेलाल. खाते त्याच शाखेत. त्याच्याकडून सायकलची घंटी विकत घेतली. मला सायकल नाही, पण संबंध वाढले. त्याने लगेच सही केली. भोजराजशिवायही जग चालते.

२ एप्रिल.
सही जुळली नाही. छोटेलालने बँकेत हिंदीत सही दिली आहे. माझा मान राखायला फॉर्मवर इंग्रजीत केली. परत गेलो तर तो महिनाभरासाठी रायपूरला, लेकीकडे. घंटी घरी आहे.

२३ एप्रिल.
नवा फॉर्म घेऊन योगेश्वरी सकाळीच कुठेतरी गेली. दुपारी सही आणली. कोणाची ते मी विचारले नाही, वाचलीही नाही. नवऱ्याने बायकोवर विश्वास ठेवला पाहिजे.

२५ एप्रिल.
काउंटरवरच्या मुलीने सही पाहिली आणि ती आत गेली. मॅनेजर स्वतः बाहेर आला. म्हणाला, भोजराजजी के आदमी हैं, कुर्सी दो. सहा वर्षांपासून त्याचे खाते आहे तिथे. एसीत. फॉर्मवर त्याने लिहिले आहे: अकरा वर्षांपासून ओळखतो, अत्यंत सज्जन माणूस. शिव्या लिहिल्या असत्या तर इतका जळलो नसतो. चहा आला. भरलेला कप, बशीसकट. मी अर्धा ठेवला.
खाते उघडले. ड्राफ्ट पाठवला. मशीनवाला म्हणतो, सीझन आहे, आता जूनमध्ये.

६ मे. दवनीवाडा.
शालीकरामच्या मुलीचे लग्न. थर्माकोलची ताटे. भोजराजने पाइपच्या गाडीतून नागपूरहून आणून दिली, शालीकराम ऐनवेळी रडकुंडीला आला म्हणून. शालीकराम चार लोकांत म्हणाला, तुमची मशीन येऊन राहिली होती ना? ताटे पातळ होती, एवढे मी बोललो. कोणी ऐकले नाही.

११ जून.
मशीन आली. लग्नसराई संपली. आता तुळशीच्या लग्नापर्यंत पत्रावळ कोणी घेणार नाही.
बँकेची दोन पत्रे आली. मला: श्री. भोजराज बिसेन यांच्या ओळखीवरून आपले खाते उघडण्यात आले आहे. त्याला: चांगला ग्राहक दिल्याबद्दल आभार. जमुनाने त्याचे पत्र लॅमिनेट केले. पितळी खिळ्याला आता तेच आहे.
योगेश्वरीने ठरवले, पहिल्या पत्रावळीवर भोजराजभाऊच जेवणार. वाढायला मी. मनाशी म्हटले, आज हिशेब चुकता. सगळ्यांना भरपूर भात वाढला, त्याला मुद्दाम अर्धाच.
त्याने पानाकडे पाहिले, मग माझ्याकडे. डोळ्यांत पाणी. म्हणाला, भाऊ, डॉक्टरनं मले अर्धाच भात सांगितला. घरात कोनी ध्यान देत नाही, तुमीच एक माझी काळजी करून राहिले.
सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. मग त्याने वरण मागितले. मी जाऊन आणले.