मतदार एकच

बाबा, आज कावासाकीच्या ऑफिसात डबा खाताना मला तुमचा एवढा राग आला की डबा अर्धाच बंद केला. निमित्त एका अमेरिकन सहकाऱ्याचं. त्याच्या गावात सरकारी वकील लोक निवडून देतात, आणि यंदा त्याची वहिनी उभी आहे. त्यानं तिचं प्रचारपत्रक दाखवलं: हसरी बाई, दोन मुलं, एक कुत्रा. आमच्या जपानी साहेबांना ठसकाच लागला. "खटला भरणारा माणूस मतं मागतो? तुमच्याकडे कसं?" त्यांनी मला विचारलं. म्हटलं, "सरकार नेमतं." "म्हणजे राजकारण नाही. बरं आहे." मी मान डोलावली. इथल्या पाच वर्षांत भाषा अर्धवटच आली, मान डोलवणं मात्र पक्कं जमलंय.

तुम्हीही सरकारी वकील म्हणून निवडूनच आला होतात, बाबा. मतदार एकच होता, आमदार. कुत्र्याचा फोटो लागला नाही, इतकंच. दुकान सोडत नाहीत म्हणून त्याच्या पुतण्यानं कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या मावशींची बोटं गजानं मोडली. दोन साक्षीदार होते. आणि तुमच्या नेमणुकीची मुदत त्याच महिन्यात संपत होती. तुम्ही खटला मागे घेण्याचा अर्ज दिलात, कोर्टानं तो मंजूर केला. संध्याकाळी मावशी आपल्याकडे, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आहेत. "साहेब, माझं काय चुकलं तेवढं सांगा." तुम्ही आमटी भुरकत म्हणता, "वरून आलं होतं, बाई." आणि आईला, "अगं, यांना चहा दे." त्या म्हणतात, "नको वहिनी. कप धरता येत नाही." मी त्यांनीच शिवलेल्या परकरात पाटावर बसलेली. त्या गेल्यावर मी तोंड उघडलं, तर म्हणालात, "तू तुझं रघुवंश बघ. हे तुला कळायचं नाही." रघुवंशात राजे असतात, बाबा, त्यामुळे थोडंफार कळत होतं. तुमची नेमणूक पुढे तीन सरकारांत टिकली. घरी सगळे त्याला तुमची हुशारी म्हणायचे!

त्या अमेरिकन वहिनीला निदान मावशींच्या दारात मत मागायला जावं लागलं असतं. तुम्ही कोपऱ्यावरून जायचंच सोडलंत.

ग्योतोकु स्टेशनला उतरून घरी आले. लेकीनं विचारलं, कुणाला लिहितेस? आजोबांना, म्हटलं. ती जपानीत काहीतरी पुटपुटली, बहुधा पत्ता विचारला असावा. तुम्ही गेल्यापासून पत्ता नाही हे सोयीचंच आहे, कारण एक गोष्ट तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही, मी ती आजवर कुणापाशी बोललेले नाही. तो अर्ज मी टाइप केला होता. तुम्ही कच्च्या कागदावर सरळ लिहिलं होतं, "सरकारच्या सूचनेवरून." सरकारी वकिलानं स्वतःच्या बुद्धीनं ठरवायचं असतं; ते वाक्य तसंच गेलं असतं तर न्यायाधीशांनी कदाचित अर्ज फेटाळला असता. मला ते फक्त ओबडधोबड वाटलं. मी तिथे "व्यापक लोकहितास्तव" घातलं. तुम्ही वाचून "वा!" म्हणालात, आणि मी दिवसभर खुशीत होते.