दिवा विझलेला असेल तर हात लावू नये

मी खाली सही करणारी, गाड्यांच्या इग्निशन कॉइल दुरुस्त करणारी, गिऱ्हाइकांत 'कॉइलवाल्या वहिनी' म्हणून ओळखली जाणारी, वय वर्षे अडुसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझे हृदय आता फार दिवस साथ देणार नाही, असे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले आहे. डोके ठिकाणावर असल्याचा त्यांचाच दाखला सोबत जोडला आहे. मुलाला शंका आल्यास त्याने तो दोनदा वाचावा.

१. राहते घर सामानासह माझ्या मुलाला द्यावे. शिलाई मशीन सूनबाईचे. तिने माझ्याशी भांडताना कधी आवाज चढवला नाही, त्यामुळे प्रत्येक भांडण मलाच आवरते घ्यावे लागले.

२. बँकेतली शिल्लक मुलगा व माझ्या नणंदबाई यांना अर्धी अर्धी. नणंदबाई म्हणजे माझ्या दिवंगत पतींची थोरली बहीण. यापुढे त्यांना वन्सं असे लिहीन, कारण उभ्या आयुष्यात दुसरे काही म्हटलेले नाही.

३. शेजारच्या स्पेअर पार्टवाल्यास काहीही ठेवलेले नाही. विसरले असे कोणी समजू नये. वन्संचे कान गेल्यावर "बहिरीच्या हातची कॉइल नेताय, बघा बुवा" असे सांगून त्याने आमची गिऱ्हाइके फोडली. माझी शिडी त्याच्याकडे आहे, ती परत आणावी.

४. कारखान्याची खोली, तार गुंडाळायचे वाइंडिंग मशीन, चाचणीचे टेबल व सर्व हत्यारे वन्संना, त्या हयात असेपर्यंत. त्यांच्यामागे मुलाला. त्या आपणहून उठत नाहीत तोवर त्यांना चाचणीच्या टेबलावरून कोणी उठवू नये.

हे कलम का, ते लिहिते. टेबलावर वीज सोडली की चांगल्या कॉइलची ठिणगी दोन टोकांमध्ये दिसते. खराब कॉइलची मात्र अंगातून कुठूनही फुटते, दिवसाउजेडी दिसत नाही, नुसती टकटक ऐकू येते. म्हणून आमच्याकडे रीत अशी, की हात लावण्याआधी कान द्यायचा. टकटक असेल तर "बोलतेय" म्हणायचे, नसेल तर "गप्प", आणि मगच हात पुढे करायचा. एके दिवशी वन्संनी कान दिला, "गप्प" म्हणाल्या आणि हात लावला. झटक्याने मागे पडल्या, मनगट मोडले. त्यांच्या कानाला आता सगळ्याच कॉइल गप्प होत्या, हे तोवर त्यांनाही ठाऊक नव्हते.

मुलगा हादरला. म्हणाला, "आई, आत्याला आता घरी बसव. उद्या जिवावर बेतलं तर मी काय तोंड दाखवू?" त्याची माया खोटी नाही, आणि म्हणूनच त्याच्याशी धड भांडता येत नाही. पण भावाच्या बरोबरीने हा कारखाना ज्यांनी उभा केला, मी नवी नवरी असताना माझ्या हातात सोल्डरिंग गन देऊन "रडायचं असेल तर काम करता करता रड" असे ज्यांनी बजावले, त्यांना खिडकीशी मटार सोलायला बसवणे मला मान्य नाही. तेव्हापासून मी टेबलाशी उभी राहते. कॉइल बोलत असेल तर हात वर करते. वन्सं माझा हात बघूनच काम करतात.

५. टेबलावरचे यंत्र मी बनवले आहे, तेही वन्संचेच. त्याची हातभर तार कॉइलला न चिकटता तिच्याजवळ उभी असते. ठिणगी कुठेही फुटली तरी तारेला कळते, आणि आतला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे नखाएवढा संगणक, लाल दिवा लावतो. म्हणजे लावायला हवा होता. मोठी ठिणगी फुटली की मायक्रोकंट्रोलरच गांगरून पहिल्यापासून सुरू होई आणि दिवा नेमका तेव्हाच विझे. राखणदारच ऐन वेळी मूर्च्छा येऊन पडावा, तसा प्रकार. मी वैतागून यंत्र टाकून द्यायला निघाले, तर वन्सं म्हणाल्या, "अगं, मग उलटं कर की. सगळं गप्प असेल तरच दिवा लाव. ठिणगी फुटू दे, बॅटरी संपू दे, तुझं यंत्र मरू दे, दिवा गेला की माझा हात मागे."

तसेच केले. आता दिवा हिरवा आहे. यंत्र नव्याने सुरू झाले तरी थोडा वेळ तो विझलेलाच राहतो, ते मुद्दाम आहे. मुलाने त्यात सुधारणा करू नये.

६. यंत्र नीट चालू लागले तेव्हा वन्संनी विचारले, "हात वर करायला तू आहेस की. मग हा दिवा कशाला?" त्या आता ओठ वाचतात, आणि चेहरा तर आधीपासूनच वाचतात. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते त्यांना सांगितलेले नव्हते. मी त्यांच्याकडे पाठ करून तार सोलत बसले.

ते उत्तर माझ्यामागे मुलाने द्यावे. लांबून हातवारे करू नयेत, चिठ्ठी पुढे सरकवू नये. त्यांच्या समोर स्टुलावर बसावे, तोंडावर उजेड येईल असे बसावे, आणि सावकाश सांगावे. त्या बघत असतील तोवर तोंड फिरवू नये. मला ते जमले नाही.

लिहून देणार: कॉइलवाल्या वहिनी (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
डॉक्टरीणबाई (सही)
समोरचा रेडिएटरवाला (सही)

दिनांक: ७ सप्टेंबर २०२२
स्थळ: कारखाना, चाचणीचे टेबल. वन्सं जेवायला गेल्या असताना.