सुभेदार मानसिंग बर्गे यांच्याकडून बक्षीस

कोरेगाव,
१७ नोव्हेंबर २०२३

सौ. मंगल हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू नुसती "बरं हाय" म्हणतेस. फोन दिग्विजयच्या हातात असतो, हे मला इथूनही समजतं. म्हणून म्हटलं, आपली पलटणीतली पत्रांची पद्धत बरी. तेव्हा मी सरहद्दीवर असायचो आणि तू घरी, आता मी घरी आणि तू कॅनडात. सूनबाईची रात्रपाळी, लेकाची दिवसपाळी आणि प्रांजल तुझ्याकडं. म्हातारपणी पहाऱ्याची ड्यूटी तुझ्या वाट्याला आली म्हणायची.

प्रांजल शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमात मेंढी होणार, हे कळल्यापासून मी गावभर सांगत सुटलोय. शेजारचा नानासो विचारत होता, मेंढीला बोलायला काय असतं. मी म्हटलं, काही नसलं तरी नात माझी आहे, मधे बोलल्याशिवाय राहायची नाही.

सोबत शंभराची कोरी नोट ठेवली आहे. पोरगी स्टेजवर आली की नेहमीसारखं बक्षीस दे. दिग्विजयच्या एकाही गॅदरिंगला मी नव्हतो. दहावीपर्यंत दरवर्षी तूच उठायचीस, त्याच्यावरून नोट ओवाळायचीस आणि माईकवरून माझं नाव पुकारायला लावायचीस. पोराला वाटायचं, बाप मंडपातच कुठंतरी बसलाय. तेवढं नातीसाठीही कर.

इकडची काळजी नको. आमच्यावरची माया मात्र तिकडच्या थंडीत गोठू देऊ नकोस.

मानसिंग


ब्रॅम्प्टन,
१३ डिसेंबर २०२३

श्री. सुभेदारसाहेब यांस,
सौ. मंगलचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र आणि नोट पोचली. कार्यक्रम परवाच झाला. लिहू की नको, करत दोन दिवस काढले. पण तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला.

मेंढीचा पोशाख मीच शिवला. आठवडाभर रोज दुपारी बसून उशीतला कापूस पुंजक्या-पुंजक्यानं टाचला. घरटी दोनच तिकिटं होती. अंकिताला ड्यूटी लागली, म्हणून तिच्या तिकिटावर मी गेले. लुगडं झाकेल असा कोट घाल, असं दिग्विजय म्हणाला. घातला.

पोरगी आली, चार उड्या मारल्या, गर्दीत मला हुडकून हात हलवला. मग मला कुठलं भान राहतंय. उठले, पायऱ्या चढले, नोट तिच्यावरून ओवाळली, कानशिलावर बोटं मोडली. बाजूला एक बाई माईक धरून उभ्या होत्या. नोट त्यांच्या हातात दिली आणि तुमचं नाव सांगितलं. सुभेदार मानसिंग बर्गे, कोरेगाव. त्यांना कळलं नाही म्हणून पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. त्यांची ती मोठी पेटी वाजवणारा थांबला. इथं मधेच स्टेजवर कुणी चढत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी बसून राहिले असते.

दिग्विजय धावत आला, दंडाला धरून मला खाली घेऊन गेला. रागावला नाही. मग त्या बाईंकडून नोट मागून घेतली आणि हसत हसत त्यांना काहीतरी सांगितलं. मला वाटलं, आमच्याकडं अशी रीत आहे म्हणून सांगत असेल. मला बरंच वाटलं.

घरी पोशाख उतरवताना प्रांजल म्हणाली, "आज्जी, तू पप्पांची आई हायस ना? मग पप्पा टीचरला का म्हणाले, तू मला सांभाळायला ठेवलेली बाई आहेस?"

पोरगी आता माझ्यासारखंच बोलते. मी म्हटलं, पप्पा गडबडीत होते. तिच्याशी मी खोटं बोलले. मला लय लागलंय, अहो. रागावला असता, चारचौघांत ओरडला असता, तरी चाललं असतं. त्याच्या बापाचं नाव मी एवढी वर्षं मंडपात पुकारलं, आणि त्याला एकदा "ही माझी आई" म्हणता आलं नाही.

तुम्हाला माझी शपथ आहे, यातलं एक अक्षर त्याला लिहू नका. नोट परत पाठवते आहे. मला तेवढं अंतर देऊ नका.

मंगल


ब्रॅम्प्टन,
१५ डिसेंबर २०२३

ती. बाबांना,
दिग्विजयचा सा. न. वि. वि.

घाई आहे म्हणून कुरिअरनं पाठवतोय. आईच्या राहण्याची मुदत २८ जानेवारीला संपते. आणखी सहा महिने वाढवायचा अर्ज करायचा आहे. त्यासाठी तुमची हरकत नाही, असं तुमच्या सहीचं पत्र लागतं. मसुदा सोबत आहे, फक्त सही करून मूळ कागद पाठवा. अंकिताच्या पाळ्या बघता आईशिवाय आमचं चालणारच नाही, आणि बाहेरची बाई इथं परवडत नाही.

प्रांजलचा कार्यक्रम छान झाला. व्हिडिओ तुमच्या फोनवर पाठवलाय, मधला थोडा भाग कापलाय. आई मजेत आहे. सध्या कमी बोलते, थंडीमुळं असेल.

आशीर्वाद आहेतच, ते असेच राहू द्या.

आपला,
दिग्विजय


कोरेगाव,
६ जानेवारी २०२४

श्री. दिग्विजय बर्गे यांस,
स. न. वि. वि.

आपला मसुदा नाताळच्या आधीच मिळाला. त्याच दिवशी सही केली होती. नानासो साताऱ्याला जाईल तेव्हा कुरिअर करायचं, म्हणून पाकीट ठेवून दिलं होतं. काल दुसरं एक पत्र आलं आणि सही केलेला कागद मी फाडला.

आपल्याकडं मुलगी सांभाळायला ठेवलेल्या बाईंची मुदत २८ जानेवारीला संपते. ती वाढवायला माझी हरकत आहे. बाईंनी आपली तक्रार केलेली नाही. उलट, आपल्याला काही लिहू नये म्हणून मला शपथ घातली होती. ती मी मोडली. परवडत नसलं तरी आपल्याला दुसरी बाई बघावी लागेल.

त्यांना मुंबईच्या विमानात बसवून द्यावं. विमानतळावर मी उभा असेन. त्या माझ्या कोण, हे जो विचारेल त्याला मी सांगेन.

शंभराची नोट पुन्हा पाठवत आहे. ती प्रांजलची आहे, तिच्याच हातात द्यावी. ती विचारील, कुणी दिली. आजोबांनी दिली, असं तोंडातून निघालं तर तसं सांगा. नाहीच निघालं, तर सांभाळायला होत्या त्या बाईंच्या नवऱ्यानं दिली म्हणा.

एवढंच कळावं.

मानसिंग बर्गे