परसातला कडुलिंब

बाबा,

परसातला तुमचा कडुलिंब गेल्या आठवड्यात पाडला. उभा होता तेव्हा घरावर पडेल म्हणून भीत होते, आता नाही म्हणून भिते.

तुमचे जावई गेल्यावर लेकीला घेऊन मी या घरात राहायला आले, ते तुम्ही पाहिलं नाही. त्याच वर्षी मागच्या शेजाऱ्याचा दुसरा मजला चढला. झाड दाट होतं तोवर काही वाटलं नाही. यंदा मात्र शेंडे वाळले, पालवी फुटलीच नाही आणि फांद्यांमधून त्यांची गच्ची दिसायला लागली. सकाळी शेजारी कठड्याला टेकून उभा असतो. लेक परसातल्या न्हाणीतून निघते, थबकते आणि ओल्या केसांनी घरात पळते. एकदा हिंमत करून मी विचारलं, "भाऊ, इकडं काहून पाहता?"

"रेंज पाहून राहिलो, ताई. इथंच येते," म्हणाला आणि हसला. तेव्हापासून मी वर बघत नाही.

कृषी सहायक सोयाबीन बघायला आले होते, त्यांना परसात आणलं. त्यांनी बुडाशी दगडानं ठोकलं, आवाज पोकळ आला. साल नखानं निघाली. खाली काळं, ओलसर. "मुरूम कोणी टाकला?" मीच टाकला होता, चिखल होतो म्हणून, हातभर खोड बुजवून. "मुळाला हवा न्हाई, अन् न्हाणीचं पाणी तिथंच मुरून राहिलं. सडलं, ताई. वाऱ्यानं घरावर येईल." लहानपणी दोरी बांधायला मी याच झाडात खिळा ठोकला होता. "अंग हाय ते त्याचं, भिंत न्हाई!" म्हणून तुम्ही ओरडला होता आणि मी दिवसभर ज्वारीच्या कणगीमागे लपून बसले होते.

नवीन काय लावावं? शेवगा झटकन वाढतो, पण खालून उघडा. बांबू दाट, पण सापाची धास्ती. शेवटी डोंगरकड्याच्या रोपवाटिकेतून करंजाची दोन रोपं आणली, तो बुडापासून भरतो. मुरूम उपसला, न्हाणीचं पाणी दुसरीकडे काढलं. तोवर हिरवी जाळी बांधलीय. ती फडफडली की लेक दचकते. "मम्मी, किती वर्षं लागतील?" मी म्हटलं, तीन-चार.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या धोतराच्या घडीत ठेवते. लेकीला सांगते, आपण भ्यायचं नाही. पण ती न्हाणीत असते तेव्हा मी उंबऱ्यावर भाजी निवडत बसते ना बाबा, ती भाजी कधीचीच निवडून झालेली असते. मांडीखाली विळा असतो.