मागच्या सीटवरून दोन गाड्यांची परीक्षा

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर वाकत नाही, म्हणून पत्रातच वाकून घेतो.) तुझा खोकला कसा आहे? फोनवर तू बरा आहे म्हणतेस आणि म्हणता म्हणता खोकतेस, म्हणून मुद्दाम लिहून विचारतो. इकडे सगळे खुशाल. पंचाईत फक्त माझी झाली आहे आणि ती येत्या गुरुवारच्या आत निस्तरायची आहे. गुरुवारी तुझा भाचा नव्या गाडीचं बुकिंग करणार आहे, आणि कुठली गाडी ते माझ्या शब्दावर ठरलं आहे.

आमची जुनी गाडी तुला आठवत असेल. एकतीस वर्षं मी ती चालवली, तुझी भावजय डावीकडे बसली, आणि सिग्नल लाल झाला की मी सहावीतली नदीची कविता म्हणायचो. तीच, जी तू कपडे वाळत घालता घालता माझ्याकडून पाठ करून घेतली होतीस. तिसऱ्या कडव्यात अडखळलो की ओला टॉवेल माझ्या अंगावर झटकायचीस. (अजून ते कडवं जवळ आलं की मानेवर गार वाटतं.) हिचं लक्ष कवितेकडे असतं की रस्त्याकडे, हे मला कधीच कळलं नाही, तिने कधी हूं की चूं केलं नाही. पुढे माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि स्टिअरिंग लेकाकडे गेलं. हिचे गुडघे दुखतात, पाय पसरायला जागा हवी, म्हणून ती पुढेच राहिली. जागा बदलली ती माझी. दोन वर्षं मी मागे बसतो, पिशव्यांच्या शेजारी. पिशव्यांना कवितेची आवड नाही.

तर लेकाने आणि सुनेने दोन महिने डोकं शिणवून दोन गाड्या निवडल्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही लांबट, डिकी तेवढीच, दिवे तसेच तिरपे. वर्गातल्या जुळ्या भावांसारख्या, हजेरी घेताना मास्तरांनीही गोंधळावं अशा. दोघांचं एकमत होईना, तेव्हा कौल माझ्याकडे आला. कंपन्यांची माणसं रविवारी गाडी दारात आणतील, आम्ही दोघं तर कामावर असू, तुम्ही आणि आई फिरून या आणि काय वाटलं ते लिहून ठेवा, असं ठरलं. मला इंजिनातलं काय कळतं? मी माझी पद्धत काढली. मागे बसायचं आणि नदीची कविता म्हणायची. गतिरोधकावर ओळ मधेच तुटली तर गाडी नापास.

पहिल्या रविवारी ही पुढे, मी मागे. पहिल्याच गतिरोधकावर यतिभंग. दुसऱ्यावर तर अख्खं कडवं सांडलं. नदी समुद्राला मिळेपर्यंत माझा घसा सुकला. सीट कडक, खिडकी उंच, वारा रुक्ष, असं सगळं वहीत लिहिलं.

दुसऱ्या रविवारी आलेला चालक नवखा होता, म्हणून त्याचे साहेब त्याच्या शेजारी बसले आणि हिला मागे यावं लागलं. ताई, काय सांगू, गाडी नव्हे, होडीच! गतिरोधक आले कधी आणि गेले कधी. तिसऱ्या कडव्यात मी नेहमीप्रमाणे अडकलो, तर खिडकीतून बाहेर बघत हिने पुढची ओळ म्हटली. अगदी बरोबर. मी आ वासून बघत राहिलो, तर म्हणते, "थांबलात का? खड्डा गेला केव्हाच."

घरी येऊन मी दोन पानं लिहिली. पहिली गाडी कशी हाडं खिळखिळी करते आणि दुसरी कशी जोजवते. लेकाने ती वाचून माझी पाठ थोपटली, सुनेने फ्रिजवर चिकटवली. सोमवारी दुसऱ्या कंपनीचा फोन आला: काका, माफ करा, दोन्ही रविवारी आम्हाला गाडी पाठवता आली नाही. मग पहिल्या कंपनीत विचारलं. पुन्हा एकदा दाखवली की गिऱ्हाईक पक्कं होतं, म्हणून तेच परत आले होते, त्याच गाडीने. म्हणजे एकाच गाडीची मी एका पानावर निंदा आणि दुसऱ्यावर स्तुती केली आहे, आणि गुरुवारी बुक होणार आहे ती जिच्यात आमच्यापैकी कुणीच बसलेलं नाही. फ्रिज उघडायचीही मला चोरी झाली आहे.

खोकल्याला जप. गार पाणी पिऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. गाडीचं मी बघतो. आज संध्याकाळी लेकाला सगळं कबूल करणार आहे. हसतील, हसू देत. तू फक्त एक फोन कर. गुडघ्यांना मागची सीटच चांगली, पुढची सीट थोडी सरकवली की पाय छान पसरता येतात, आईला मागे बसव, असं त्याला सांग. तुझं तो ऐकतो. मी या वयात कुठल्या तोंडाने सांगू? आणि मी लिहिलं होतं हे बोलू नकोस.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात हिच्या हातात निळा रुमाल दिसला. पहिल्या रविवारी गाडीत राहिला म्हणून शोधत होती तोच. दुसऱ्या रविवारी मागे बसल्यावर पायाशी, पुढच्या सीटखाली सापडला म्हणाली. म्हणजे गाडी तीच आहे हे हिला तेव्हाच कळलं होतं. मग बोलली का नाहीस, विचारलं. रुमालाची घडी करत म्हणाली, "सांगितलं असतं तर उतरावं लागलं असतं."