पॉवर स्टेअरिंगचं मूळ कारण

४ जानेवारी २०२६, रविवार. सकाळी ७.१०
पाचोडहून बद्रीदादाचा फोन. ट्रॅक्टरचं स्टेअरिंग जड झालंय, बन्सी मिस्त्रीला बोलावतो म्हणाला. डोकंच फिरलं. सोळा वर्षं मी वाळूजच्या कंपनीत क्वालिटी बघतो आणि माझ्या सख्ख्या भावाला बन्सी आठवतो! बन्सी मिक्सर, फवारणीचा पंप आणि ट्रॅक्टर एकाच पान्यानं उघडतो.
हा छोटा ट्रॅक्टर घ्यायला मीच लावलं. मोसंबीच्या ओळींतून आरामात जातो. दादाचा खांदा निखळल्यापासून द्वारकावहिनी चालवतात, म्हणून पॉवर स्टेअरिंगवालाच घ्या, हा आग्रहही माझाच.
दादाला बजावलं, मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.
संकल्प : शनिवारी एका तासात निदान.

१० जानेवारी, शनिवार
गारखेड्याच्या घरून आठला पाचोडला निघालो. वहिनींनी मनगटाला फडकं बांधलं होतं. मोसंबीवर कोळी कीड पडलीय, फवारणी थांबवता येत नाही म्हणे. म्हणाल्या, "भाऊजी, वळवताना लई कण्हतंय ते. तेलाची टाकी उघडून बघा की एकदा."
चालवणाऱ्यानं लक्षण सांगावं, औषध सांगू नये. हे मनात आलं, पण बोललो नाही.
बोललो, खरं तर. त्या आत निघून गेल्या.
पुढच्या चाकांत हवा कमी होती. भरली. निदान पूर्ण. घरच्या ग्रुपवर 'प्रॉब्लेम क्लोज्ड' टाकलं. एकच अंगठा आला, बायकोचा.

११ जानेवारी, रविवार
दादाचा फोन. स्टेअरिंग तसंच. काल वीस मिनिटं बरं वाटत होतं ना? मग ते फक्त 'वाटतंय' हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं? लोकांना रिपोर्टिंग येत नाही. हाच या जिल्ह्याचा प्रॉब्लेम आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
रत्नमालानं तिळगूळ हातावर ठेवला आणि विचारलं, तेल बघितलं का? बायको शाळेत मराठी शिकवते. ऑफिसात अभयनंही तेच विचारलं, तो तर अकाउंट्समध्ये आहे. आता मी तेल बघणारच नाही. सगळ्यांना जे सुचतं ते मूळ कारण नसतं.
गोड बोलायचा सण म्हणून गप्प बसलो. अर्धा तास.

१८ जानेवारी, रविवार. दुपारी १
अकरा व्हिडिओ बघून नक्की केलं, दोष सिलिंडरमध्ये आहे. पुढची चाकं डावी-उजवीकडं ढकलतो तो. त्याचे दोन्ही पाइप सोडले. कपभर तेल सांडलं, ते मुद्द्याचं नाही. वहिनी म्हणाल्या, "एकाला दोरा बांधून ठेवा, नायतर अदलाबदल व्हईल." दोरा! सोळा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला!

दुपारी ४
पाइपांची अदलाबदल झाली.
डावीकडं वळवलं की ट्रॅक्टर उजवीकडं जातो. मीच चालवत होतो. झाडं समोर आली म्हणून घाईनं आणखी डावीकडं फिरवलं. चार झाडं आडवी झाली. फळांनी भरलेली.
पाइप परत सोडायला गेलो तर नट गोल झाला. हलकं लोखंड वापरतात हरामखोर.
दादा पडलेल्या झाडांभोवती फिरून आला. ओरडला असता तर मला उत्तर तरी देता आलं असतं.
वहिनींना म्हटलं, आठवडाभर उलटं वळवायची सवय करा, पुढच्या रविवारी बघतो. म्हणाल्या, "व्हय? अन् समोरून एसटी आली तर तिच्या डायवरलाबी सवय लावायची का?"
या घरात कुणाला शिकायचंच नाही.

२४ जानेवारी, शनिवार
पोचलो तर बन्सी ट्रॅक्टरखाली! मला न विचारता! मी दादावर तोंड टाकलं. दादा म्हणाला, "इंद्रजीत, गप बस." माझ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. बन्सीसमोर.
बन्सीनं पाइप जागच्या जागी लावले. मग तेलाची टाकी रिकामी केली, तळाची जाळी बाहेर काढली. जाळीला काहीतरी चिकटलं होतं. ते त्यानं चिमटीत धरलं आणि विचारलं, "हे बोट कुणाचं?"
कापडी हातमोज्याचं तुटलेलं बोट. निळं. त्यानं जाळी बुजली, पंपाला तेल मिळेना, म्हणून पंप कण्हत होता आणि स्टेअरिंग जड. असं बन्सीचं म्हणणं.
दिवाळीत स्टेअरिंगचं तेल मीच बदललं होतं, कंपनीचे हातमोजे घालून. पण निळे हातमोजे बाजारात कुणालाही मिळतात. हे मी तिथं मोठ्यानं सांगितलं. बन्सी हसलासुद्धा नाही. त्याचा जास्त राग आला.

२६ जानेवारी, सोमवार
सुट्टी. पाचोडलाच आहे. वहिनी सकाळपासून फवारणी करतायत. ट्रॅक्टर दोन बोटांनी वळतोय.
मी काय करू, असं दादाला विचारलं. म्हणाला, झाडांना टेकू दे. त्यानं एका हातानं खोड धरलं, मी बांबू रोवून सुतळी बांधली. तीन झाडं उभी राहिली. चौथं मुळासकट उचललं गेलं होतं. दादानं पायानं माती दाबून बघितली, मग सोडून दिलं. "नऊ वर्षांचं व्हतं," एवढंच म्हणाला.
मी माफी मागायला तोंड उघडलं आणि म्हणालो, याची मुळं आधीच कच्ची असतील.
दादानं माझ्याकडं बघितलं.
"कुऱ्हाड आण."
आणली. त्यानं ती माझ्याच हातात ठेवली आणि बाजूला बसला. पाच-सहा घाव घातले. एकही एका जागी बसला नाही, साल तेवढी उडाली. दादा काही सांगेल म्हणून थांबलो.
शेवटी मीच विचारलं, "दादा, कशी धरू?"