डब्यात उभा केलेला थांबा

धाकटे,

आशीर्वाद घे. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे एकमेकांशी भांडण्याइतके धडधाकट आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? (खरं लिही. मागे "बरे" लिहिलंस आणि तुझा मुलगा फोनवर सांगतो की तू जिना बसून उतरतेस.) अक्षर मोठं आहे ते चालवून घे. शाळा मी आतून कमी आणि बाहेरून जास्त पाहिली.

तर मेट्रो. तुझ्या दारावरून जाते ती आता आमच्या वस्तीपर्यंत आणणार आहेत. स्टेशन खाली, नाल्यापलीकडे, आणि आम्ही वर चढावर. म्हणून स्टेशनापासून वर यायला एक छोटी बस. मेट्रोला अजून दोन वर्षं आहेत, पण बस आत्ताच फिरवून बघतात, कुठे किती माणसं चढतात ते. हे बघायला ऑफिसातून एक मुलगी येते, नकाशाची गुंडाळी काखोटीला मारून. आम्ही तिला गुंडाळीच म्हणतो. (तोंडावर नाही. मी एकदाच म्हटलं.)

थांबा कुठे ते पक्कं नव्हतं, म्हणून तिने पाटी दांड्याला ठोकली आणि दांडा तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून उभा केला. म्हणजे हवा तर सरकवता येईल. अगं, सरकवता येईल अशी वस्तू आमच्या गल्लीत ठेवतात का? दातांच्या डॉक्टरने तो आपल्या दवाखान्यासमोर ओढला. का, तर दुखऱ्या दाढेला चालवत नाही. (दाढा कधीपासून चालायला लागल्या?) तिथून बेकरीवाल्याने आपल्या दारात नेला. इस्त्रीवाल्याला मात्र तो नकोच, कारण ताटकळलेली माणसं त्याच्या गठ्ठ्यांना टेकतात. दिसला की तो डबा पुढे लोटायचा. ड्रायव्हर बिचारा पाटी दिसेल तिथे थांबायचा. आमची सूनबाई थांब्यावर उभी होती, चप्पल तुटली म्हणून घरात आली, बदलून परत गेली तर थांबाच नाही! मी मात्र त्या डब्याला बोट लावलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

एके दिवशी तो आमच्या दारात आला. (आपोआप. चढावर वस्तू सरकतात. कधी कधी वरच्या बाजूलाही सरकतात.) म्हटलं, आपण तरी उतरून बघू. खालून बसले. दारात आल्यावर बस उभी राहिली ती नाक वर करून. मी पाय टाकला, तर जमीन कुठल्या कुठे खाली. समोर डॉक्टर उभा होता, तो आडवा झाला. मला काही झालं नाही, तो मऊ आहे.

नेमकी तेव्हाच गुंडाळी आली. "आजी, थांबा असा भटकत राहिला तर मी मोजू काय? बस स्टेशनावरूनच वळवतील, वर येणारच नाही." पोर रडकुंडीला आली होती. मग माझं डोकं सटकलं. सगळ्यांना हाका मारल्या आणि डबा उचलायला लावून इस्त्रीवाल्याच्या भिंतीशी ठेववला. अख्ख्या चढावर सपाट जागा तेवढीच.

"आजी, आणि माझे कपडे?" तो कळवळला.

"तुझे कपडे मी राखते, मेल्या."

तेव्हापासून रोज तिथे खुर्ची टाकून, डब्यावर पाय ठेवून बसते. बेकरीवाल्याने बाक दिलं, तेव्हा गठ्ठ्यांना कोणी टेकत नाही. उलट बस पकडताना लोक कपडे टाकून जातात, म्हणून इस्त्रीवाला आता मला चहा देतो. (पाणचट.) गुंडाळी म्हणाली, मोजणी चांगली आलीये, वरच्या साहेबांची सही झाली की थांबा तिथेच पक्का. सही होईल. न होऊन सांगते कोणाला?

तुझी थोरली

ता.क. तू घर विकून मुलाकडे परमुलखात कायमची जाणार, असं कानावर आलं. तुझं घर, तुझी मर्जी, मी कोण सांगणार? पण तीन गाड्या बदलणं ना तुला झेपत ना मला, आणि तुझं तोंड बघून मला किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. मेट्रो आली की तू तुझ्या दारात चढायचंस आणि इस्त्रीवाल्याच्या भिंतीशी उतरायचंस. तिथे पाय टाकला की जमीन लागते, मी स्वतः उतरून पाहिलंय. दोन वर्षं घर विकू नकोस.

आणखी एक. डबा आपोआप सरकला त्या दिवसापासून माझी कंबर धरली आहे. तुझ्याकडे शेकायची रबरी पिशवी आहे ना? पाठवू नकोस, घेऊन ये. तोवर मी कळ काढते.